टेकडीखालचा डोळा

"सर, ओळखलंत का हे?"

यशोधन बेंद्रेने डबी उघडून पुढे सरकवली. आत चांदीचं नाणं होतं, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यावर नहपान राजाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने उमटवलेली आपली टेकडीची खूण. हरलेल्याच्या तोंडावर जिंकलेल्याचा ठसा.

मोमीन सर वाकून बघत राहिले.

"मुंबईच्या लिलावातलं. बावीस वर्षं झाली... आदल्या दिवशी पाहायला मांडलं होतं."

जुन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता सरांनीच यशोधनला नाण्यांचं वेड लावलं होतं. स्वतः मात्र एकही घेतलं नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी जायचे, भिंग लावून तासन्‌तास बसायचे आणि बोली सुरू व्हायच्या आत घरी परतायचे.

"यंदा ते पुन्हा लिलावात आलं, आणि मी सोडलं नाही," यशोधन म्हणाला. "दोघं जण शेवटपर्यंत चढवत होते. मी हात खाली घेतलाच नाही. याच्या तोडीचं आता माझ्या संग्रहात दुसरं नाही."

"छान केलंस."

सरांनी डबी मिटली. कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली.

"काढ बरं."

यशोधन हसला. वर्तुळ काढलं, त्यात तीन कमानींची टेकडी काढली. मग पेन्सिल थांबली.

राजा कुठल्या बाजूला बघत होता?

कॅटलॉगचं पान आठवत होतं. शेवटची बोली आठवत होती. लिलावात हरलेल्या माणसाचा पडलेला चेहराही लख्ख आठवत होता. नाण्यावरचा मात्र...

सरांनी पेन्सिल घेतली. एकही रेघ चुकत नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी नाकाचा शेंडा आला. घट्ट मिटलेले ओठ आले. मधल्या कमानीखाली अर्धा उघडा डोळा. आणि काठाला तांदळाच्या कणीएवढी एक खोक.

यशोधनने डबी उघडली. आधी खोक पाहिली. मग डोळा.

आठ दिवस ते नाणं त्याच्या उशाशी होतं. तो डोळा त्याला आत्ता दिसला.



मग त्याने दोन्ही हातांनी डबी सरांपुढे केली. "सर, हे तुमच्याकडेच असायला हवं. मनापासून देतोय. ठेवा."

सरांनी एका बोटाने ती हलकेच मागे सारली.

"माझ्याकडे आहे."