तीन गणितं

"वस्ताद, दिवसाला किती तास बसलं की गणित सुटतं?"

भैरू वस्ताद आखाड्याची लाल माती उकरत होते. जन्मात पाटीला हात न लावलेला माणूस, आणि त्यांना हा प्रश्न! पण चंद्रहास दुसऱ्या कुणाला विचारणार? दहावीतलं पोर. तालुक्यात कुणी त्याची पाठ मातीला लावली नव्हती. सहामाहीत मात्र गणितानं त्याला चारी मुंड्या चीत केलं होतं. शंभरात नऊ!

आईनं बजावलं होतं, "बोर्डाला पास झाला नाहीस, तर तालीम बंद." आणि त्या माउलीचा शब्द म्हणजे एकच भाव, घासाघीस नाही.

"आत्तापर्यंत किती बसलास?" वस्तादांनी विचारलं.

"रविवारी सलग सात तास!" पोराची छाती फुगली.

"सोमवारी?"

"दोन."

"काल?"

"काल… डोकं दुखत होतं."

वस्तादांनी नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथं पोस्टातले गुंडोपंत बसले होते. चाळिशीत व्यायामाची हौस आली. पहिल्याच दिवशी दीडशे जोर मारले, आणि आता हात तोंडापर्यंत पोचेना. शेजारचा पैलवान त्यांना केळं भरवत होता.

चंद्रहास खो खो हसला. "अहो काका, सुरुवातीला दहाच जोर मारायचे असतात! एवढंही कळत नाही?"

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले… बघतच राहिले.

पोराचं हसू हळूहळू विरलं.

"रोज तीन गणितं," वस्ताद म्हणाले. "इथं यायच्या आधी. चौथं केलंस, तर आखाड्यात पाय ठेवायचा नाही."

"तीनच? मी काय बालवाडीत आहे, वस्ताद?"

"तीन, पैलवान."

महिना गेला. एका संध्याकाळी चंद्रहास तालमीच्या उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये की."

"येता येत नाही, वस्ताद. आज… आठ केली."

"का रे?"

"चौथं नुसतं बघायला गेलो, तर ते सुटलं. मग पाचव्यानं डिवचलं. त्याला कसं सोडणार?" मान खाली होती, पण ओठांवरचं हसू काही लपेना. मग आवाज बारीक झाला. "आईनं तालीम बंद करू नये म्हणून बसलो, आणि आता तुम्हीच…"

वस्ताद उठून उंबऱ्यापाशी आले.

"गेल्या आठवड्यात तू तापानं फणफणला होतास. तेव्हा किती केलीस?"

"तेव्हा… तीन. आई झोप म्हणत होती. पण केली कशीबशी."

वस्तादांनी मुठीतली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावली आणि दंडाला धरून त्याला आत ओढलं.

"आठांचं आईला सांग, लेका. मला त्या तिनांचं सांग."