तिसऱ्या भागातला साथीदार

“सातांतला सगळ्यांत चांगला भाग कोणता, दस्तगीरभाई?”

प्रश्न याच शब्दांत विचारला होता का, हे हळबेसरांना आता खात्रीनं सांगता येत नाही. कदाचित “मी कोणता नेऊ?” असं विचारलं असेल. दोन्हींत फरक आहे. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो आठवू नये, याची त्यांना लाज वाटते.

दुपार होती, एवढं पक्कं. निदान तसं वाटतं. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि उन्हाचा पट्टा खुर्च्यांच्या पायांपर्यंतच येत होता.

गडहिंग्लजमधलं दस्तगीर मुजावरांचं व्हिडिओ गेमचं दुकान त्या दिवशी कायमचं बंद होत होतं. टीव्ही, मशीन, खुर्च्या, सगळं निपाणीच्या एका माणसानं घेतलं होतं आणि त्याचा टेम्पो तासाभरात यायचा होता. सर खेळायचे ती परग्रहावरच्या लढाईची सात भागांची गेम-मालिकाही त्यातच जाणार होती. सरांसाठी म्हणून दस्तगीरभाईंनी त्यातली एक सीडी मागून घेतली होती. दुसरी मागणं बरं दिसलं नसतं.

कोणती, ते सरांनी सांगायचं होतं.

सर आठ दिवस जेवले नव्हते म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण जेवणात लक्ष नव्हतं. एकदा चुकीची नेली की उरलेल्या सहा गेल्याच. या दुकानातली दोन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं होती, आणि त्यांतलं काय बरोबर न्यायचं, हे चुकायला नको होतं.

त्याआधी सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याच कुणीतरी विसरून गेल्यासारखा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटांना काम द्या म्हणून रबरी चेंडू दिला. चेंडू दाबताना सरांना अपमान झाल्यासारखं व्हायचं. एकदा औषधं घेऊन परतताना ते या दुकानात शिरले. आतल्या कॉलेजकुमारांना वाटलं, आजोबा वाट चुकले. दस्तगीरभाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी खुर्ची पुसली आणि गेमचा रिमोट सरांच्या मांडीवर ठेवला.

सुरुवात मात्र तिसऱ्या भागापासून करून दिली. पहिला सोडून तिसरा का, ते सांगितलं नाही. सरांना ते अशास्त्रीय वाटलं होतं, आणि तसं ते बोललेही होते.

दस्तगीरभाई पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे. त्या सवयीनं असेल, गेम लावायचं काम ते गिऱ्हाइकाला करू देत नसत. सीडी स्वतः घालायची, सुरुवातीच्या पाट्या स्वतः पार करायच्या आणि लढाई सुरू झाली की रिमोट हातात द्यायचा. सीड्यांची खोकी कपाटात कुलपात असायची. मग ते गल्ल्यावर जाऊन बसत. तिथं त्यांचं स्वतःचं मशीन होतं आणि एक छोटा टीव्ही, दुकानाकडे पाठ केलेला. त्यावर काय चालतं ते कुणाला दिसत नसे. पोरं म्हणायची, उस्ताद सासू-सुनांच्या मालिका बघतात.

तर त्या दुपारी सरांनी प्रश्न विचारला, तेव्हा दस्तगीरभाई भिंतीच्या कडेनं गेलेली एक निळी वायर सोडवून हाताला गुंडाळत होते.

“वही वाचली तुमची,” ते म्हणाले.

“मग?”

“अक्षर झकास आहे.”

सरांनी ते मनावर घेतलं नाही. त्या वहीत सव्वीस पानं होती. सातही भागांना दहापैकी गुण दिलेले होते: कथा, शस्त्रं, नकाशे, शत्रूची अक्कल, साथीदाराची अक्कल, शेवट. बेरजेत पाचवा भाग पहिला आला होता. मात्र कथेला जास्त वजन दिलं की दुसरा वर यायचा, आणि त्यामुळेच सर बेचैन होते. तिसरा काहीही केलं तरी तळाशी राहायचा. रंग मातकट, कथा अडखळलेली, भिंतीत शिरलेला शत्रू भिंतीतच अडकून बसायचा.

दस्तगीरभाईंनी वही उघडून एका चौकटीवर बोट ठेवलं.

“तिसऱ्याला इथं दहा?”

ती चौकट साथीदाराच्या अकलेची होती.

तेवढं एक मान्य करावंच लागतं, असं सरांनी सांगितलं, आणि मग त्यांना राहवेना. तिसऱ्या भागात हिरव्या चिलखतातला एक शिपाई आपल्याबरोबर असतो. दरीवरच्या पुलावर सर पडायचे. किती वेळा, त्याची मोजदाद नाही. डावा अंगठा वेळेवर वळायचा नाही आणि गोळी लागायची. प्रत्येक वेळी तो शिपाई पुढं गेलेला असला तरी माघारी यायचा, गोळीबारातून वाकत वाकत, आणि सरांना उठवायचा. दारापाशी थांबायचा. कधी घाई केली नाही. बाकीच्या सहा भागांतले साथीदार म्हणजे नुसती गर्दी. पुढं पळतात, नाहीतर दार अडवून उभे राहतात. एकदा जमलेली गोष्ट कंपनीला पुन्हा का जमू नये, यावर सर कंपनीला पत्र लिहीत होते.

“झालं लिहून?”

“अर्धं. त्या शिपायाची स्तुती लिहून झाली. तक्रार राहिली आहे.”

“ऱ्हाऊ दे मग.”

दस्तगीरभाईंनी पुन्हा वायर गुंडाळायला घेतली. ती गल्ल्यापासून निघून कोपऱ्यातल्या सरांच्या नेहमीच्या खुर्चीपर्यंत गेलेली होती. गुंडाळत गुंडाळत ते त्या खुर्चीपाशी आले.

“तिसरा पुरा कुणी केला, सर?”

“मी केला,” सर म्हणाले. “एकट्यानं. एका हातानं सुरू केला आणि दोन हातांनी संपवला. माझ्या डॉक्टरांनासुद्धा मी हेच सांगतो.”

“एकट्यानं...”

दस्तगीरभाईंनी तो शब्द चहातली साखर चाखून बघावी तसा उच्चारला. त्यात राग नव्हता. ते हसले असावेत, पण शटरच्या अंधारात सरांना नीट दिसलं नाही.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

सातही सीड्या गल्ल्यावर ओळीनं मांडलेल्या होत्या, आज पहिल्यांदाच आपापल्या खोक्यांत. सरांचा उजवा हात पाचव्या भागाकडे गेला. तिथंच थांबला.

“पाचवा खेळताना कुणाची याद येती का?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“कुणाची यायची?”

“आणि तिसरा?”

“त्या शिपायाची,” सर म्हणाले आणि ओशाळले. या वयात असलं बोलणं शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. “तो माणूस नाही, मला ठाऊक आहे. कुणीतरी लिहून ठेवलेली आज्ञावली आहे. तरी वाटतं, त्याचे आभार मानायचे राहून गेले.”

निळ्या वायरीचं भेंडोळं दस्तगीरभाईंनी गल्ल्यावर ठेवलं. मग तिसऱ्या भागाचं खोकं उचललं, सरांच्या डाव्या हातात दिलं आणि त्या हाताची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. अंगठा सर्वांत शेवटी.

“पण याला सगळ्यांत कमी गुण आहेत,” सर म्हणाले.

“घरी एकट्यानं खेळा. पुलावर जावा.”

“आणि?”

“पडा. पडून वाट बघा जरा.”

एवढं बोलून त्यांनी शटर वर केलं.

घरी मशीन नव्हतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकांना टेकून ते खोकं चार वर्षं उभं राहिलं. पाचवा भाग हातचा गेला म्हणून सर सुरुवातीला रुसलेही होते. पुढं मुलीकडे पुण्याला राहायला गेले, तिथं एका शेजाऱ्यानं अडगळीतलं जुनं मशीन देऊ केलं, आणि एका रविवारी सकाळी सर दरीवरच्या त्या पुलावर पोचले.

डावा अंगठा आता सांगावं तसा वळत होता, त्यामुळे पडण्यासाठी मुद्दाम उभं राहावं लागलं.

गोळी लागली. सर पडले.

हिरव्या चिलखतातला शिपाई त्यांच्या अंगावरून पुढं गेला. पूल संपला तरी चालत राहिला.

सर वाट बघत राहिले. मग पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा पडले. असं नऊ वेळा केलं. आधी त्यांना नेहमीसारखी आपल्याच स्मरणाची शंका आली. पूल हा नव्हे, दुसरा असेल. शिपायाचा रंग वेगळा असेल. सातव्या का आठव्या वेळी त्यांना निळी वायर आठवली, आणि तिची दोन्ही टोकं.

नवव्यांदा पडल्यावर ते उठले आणि टेबलाच्या खणातून कंपनीला लिहिलेलं अर्धं पत्र काढलं. वरचं कंपनीचं नाव खोडून तिथं ‘प्रिय दस्तगीरभाई’ असं लिहिलं. खाली मजकूर होता: प्रत्येक वेळी माघारी येतो, दारापाशी थांबतो, घाई करत नाही. त्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही. अर्धं वाटलेलं ते पत्र पूर्ण होतं.

पण खात्री केल्याशिवाय कागद टपालात टाकायचा नाही, ही जन्माची खोड. म्हणून सरांनी भिंग घेतलं आणि खोक्यातली ती माहितीपुस्तिका उघडली, जी दुकानात त्यांना कधी बघायला मिळाली नव्हती. पान अकरा, तळाशी, बारीक अक्षरांत: या भागात पडलेल्या सैनिकाला उठवता येतं, मात्र दोन मशीन वायरनं जोडलेली असतील आणि दुसऱ्या मशीनवर दुसरा माणूस खेळत असेल तरच. एरवी साथीदार कुणासाठीही थांबत नाही.