कोऱ्या खांद्यांची डोली

गाडीरस्ता डोंगराच्या पायथ्याशीच दमून थांबायचा, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली तिला. वर कड्यावर कोंडमाथा नावाचं गाव होतं, आजही आहे. त्या गावात ठकू नावाची सून होती. तिच्या पायांना भिंगरी होती आणि जिभेवर मिरची, असं म्हणतात.

कोंडमाथ्याची एक रीत होती. गावात कुणी मेलं की हातातलं काम टाकून सगळे पुरुष धावायचे. न बोलावता यायचे, तिरडीला खांदा द्यायला रांग लागायची. पण आजारी माणसाला डोलीत घालून घाट उतरवायचा म्हटलं की सगळे आपापल्या पायांकडे बघायचे. खांद्यावर गेलेलं माणूस परत येत नाही, जिवंताला खांदा देणं म्हणजे त्याचं मरण ओढवून आणणं, असं म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. कधी ठरवलं आणि कुणाला विचारून, हे विचारायची सोय नव्हती.

एकदा ठकूची धाकटी जाऊ सारजा अडली. पोटात बाळ आडवं आलं होतं. गावच्या सुईणीनं हात टेकले. खाली बाजारगावात आयशाबी नावाची सुईण होती, तिच्या हाताला यश होतं. पण गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिला घाट चढवत नव्हता. सारजालाच खाली न्यायला हवं होतं. उन्हं डोक्यावर आली, तरी म्हातारे पारावर बसून विचार करत होते. फार चांगला विचार केला त्यांनी. तंबाखू संपली, विचार संपला नाही.

ठकूचा सासरा गावचा पाटील. तोही तिथंच डोकं धरून बसला होता. सारजा त्याची लाडकी, आणि त्याची भीती खोटी नव्हती. तो म्हणाला, “पोरी, खांद्यावर घेतली तर ती पुन्हा दिसायची नाही गं.”

ठकूच्या डोक्यावर पदर होता, आवाजावर नव्हता.

“मामंजी, ते तुमचे खांदे. बाईमाणसाला कधी तिरडीला हात लावू दिलात तुम्ही? आमच्या खांद्यांना मरण ठाऊकच नाही. कोरे आहेत ते.”

बाईनं तिरडीला शिवायचं नाही, ही रीत त्यांचीच होती ना.

ठकूनं लग्नाच्या मांडवाचा बांबू उपसला, त्याला वाकळ बांधली, तीत सारजाला निजवलं. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ तिनं खांद्यावर ठेवली आणि वर बांबू घेतला. आळीतल्या बायका आपापल्या चुंबळी घेऊन धावल्या. पहिल्या वळणावर धनगरवाड्यातल्या बायका आल्या. पुढे गवत कापणाऱ्या आल्या, विळे झुडपात टाकून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणाची सून म्हणून कुणी विचारलंही नाही.

मग असं झालं म्हणतात, की माथ्यापासून पायथ्यापर्यंत बायकांची एकच रांग लागली. कुणाला चालावंच लागलं नाही. डोली या खांद्यावरून त्या खांद्यावर, पाण्यावरून पान जावं तशी सरकत गेली. करवंदीच्या जाळ्या अंग चोरून बाजूला झाल्या. वाटेतल्या धोंड्यांनी आपली टोकं आत ओढून घेतली. सकाळपासून डोळे न उघडलेली सारजा आतून म्हणाली, “बायांनो, झोका थांबवू नका, बरं वाटतंय,” आणि सगळा घाट हसला.

आयशाबी हात धुऊन दारातच उभी होती. दिवस कलायच्या आत मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं वर पारावर ऐकू गेलं. म्हातारे काठ्या विसरून उठले आणि घाट उतरून खाली आले. पाटलानं नातीला पाहिलं, सारजाला पाहिलं, आणि ठकूपुढे खांदा वाकवून म्हणाला, “परत नेताना आम्हांला जमेल का?”

ठकू म्हणाली, “जमेल की. आधी चुंबळ घेऊन या, मामंजी.”

पाटलानं बायकोकडून चुंबळ मागून घेतली. सारजा आणि तिची लेक वाजतगाजत वर आल्या, पुरुषांच्या खांद्यांवरून, जिवंत. रीत तिथंच घाटात कुठंतरी गळून पडली, ती कुणी उचलली नाही.

ठकूची समाधी कोंडमाथ्यात सापडायची नाही. म्हातारपणी एकदा डोली नेताना तिनं बांबू शेजारणीच्या खांद्यावर दिला, वाट मोकळी आहे का बघते म्हणाली आणि पुढे गेली. ती अजून पुढेच आहे, असं म्हणतात.

आता डांबरी सडक आहे, अॅम्ब्युलन्स दारापर्यंत येते. तरी कोंडमाथ्यात प्रत्येक उंबऱ्याशी खुंटीला चुंबळ असते. नवी सून आली, जावई आला, की आधी हातात चुंबळ देतात. कुणाच्या घरी दुखणं आलं की थाळी वाजते. मग कुणी दवाखान्यात सोबतीला बसतं, कुणी त्यांची म्हैस पिळतं, कुणी पोरांना जेवू घालतं. ज्यानं जे काम उचललं, त्यानं आपली चुंबळ त्या घरच्या खुंटीला लावायची, आणि माणूस बरं होऊन आलं की मगच काढायची.

आणि पारावरचं कुणी म्हणालं की जरा विचार करू, तर गावातली सगळ्यांत धाकटी पोरगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. तिला तेवढा मान आहे. ती म्हणते, “आधी चुंबळ घेऊन या, मामंजी.”