बुजाईचा हात

बांध चढताना दम लागला ना? बसा मग. इथे बसलेल्याला कुणी हटकत नाही. उलट, खडकाळ्याच्या या बांधावर बसण्याचाच मान असतो. तो शेंदूर लावलेला दगड दिसतोय, ती आमची बुजाई. नीट बघा, तिला एकच हात आहे. दुसरा खांद्यापासून बांधात गेलेला. तिच्यापुढे नारळ नाही, ओटी नाही, फक्त मातीची पाटी. ही रीत कशी पडली, ते आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या तसंच सांगते.

फार पूर्वी, म्हणे, इथल्या पाटलाच्या घरी येसू नावाची धाकटी सून होती. पहाटे तिचा जात्याला हात लागायचा, तो रात्री चूल सारवूनच सुटायचा. सासू भिवराबाई करडी. नवरा बापापुढे तोंड न उघडणारा. येसूचे आईबाप पटकीच्या साथीत गेलेले, त्यामुळे माहेराहून तिची चौकशी करायला येणारं कुणी उरलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं.

त्या वर्षी या बांधामागचं तळं काठोकाठ भरलं आणि बांध पाझरायला लागला. नितळ पाणी झिरपलं तर एवढं काही नाही, मातीचा बांध थोडा घामेजतोच. पण हे पाणी गढूळ होतं. गढूळ म्हणजे बांध आतून वाहून चाललाय. आणि खाली अख्खं गाव! पाटलाने भगताला बोलावलं. भगत घुमला आणि म्हणाला, "बांध जीव मागतो. घरची सून द्या." थोरल्या सुनांना मुलं होती, पाठीशी भाऊ होते. मग काय, येसूचं नावसुद्धा कुणाला घ्यावं लागलं नाही.

त्या दिवशी सासूने तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या आणि पाट मांडून जेवायला वाढलं. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला आयतं वाढत होतं. येसूला सगळं कळलं होतं, पण रडू येईना. "आणखी वाढू का गं?" सासूने विचारलं.

"वाढा, आत्याबाई," येसू म्हणाली. "तेवढंच बसायला मिळतंय."

पाझराच्या तोंडाशी खड्डा खणून तिला आत बसवलं आणि माणसं माती आणायला गेली. भर दुपार, अंगाला गार ओल. अशी रिकामी ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. तिचा डोळाच लागला! आता पुरणार हे माहीत असून झोप लागावी, इतकी दमली होती बिचारी.

"सरक गं जरा," शेजारून आवाज आला. बघते तर चिखलाने माखलेली एक बाई, एक हात खांद्यापर्यंत बांधात घातलेला.

"तुम्ही कोण?"

"तुझ्यासारखीच, सून. बांध बांधला तेव्हा मला पुरलं. जीव दिला, आता बांधाला काही होत नाही, म्हणत सगळे हात झाडून घरी गेले, ते गेलेच. पुन्हा एक पाटी माती टाकायला कुणी फिरकलं नाही. खेकडे पोखरतात, घुशी पोखरतात, आणि मी एकटी बुजवत बसते. हात भरून आला बघ."

"आता मी आले ना सोबतीला."

"अगं वेडे, तुला पुरलं की पुन्हा सगळे घरी जातील. बांधाला जीव द्यायचा नसतो, लावायचा असतो. सांग त्यांना."

"माझं कोण ऐकतंय?" येसू म्हणाली.

"मग माझा हात काढते. तुझा घाल. बघू, ऐकतात का."

येसू जागी झाली ती पाण्याच्या आवाजाने. भोक भसकन मोठं झालं होतं. तिने हात खांद्यापर्यंत आत घातला, तेव्हा पाणी थांबलं. एवढ्यात माणसं आलीच. "टाका माती!" भगत ओरडला. पाटलाने पाटी उचलली.

येसूने मान वर केली. "टाका, पुरा मला. पण मेलेला हात सैल पडतो, मामंजी. मग हे भोक कोण धरणार?"

तिने हात जरासा ओढून दाखवला, तर गढूळ लोंढा भगताच्या पायाखालून गेला. सगळ्यात आधी तोच पळाला, म्हणे. पाटील पाटी धरून नुसता उभा. शेवटी भिवराबाई पुढे झाली. तिने नवऱ्याच्या हातची पाटी हिसकली, सुनेच्या अंगावर नाही, बांधाच्या पायथ्याशी ओतली आणि पायाने तुडवायला लागली. "बघताय काय मेल्यांनो? आणा आणखी!"

मग गाव हललं. दगड आले, मुरूम आला, काळी माती आली. येसूच्या हाताभोवती माती ठेचून ठेचून भरत आणली. सासू तिथेच तिला घास भरवत होती. ऊठ असं तिला कुणी म्हणालं नाही. बांध पक्का झाला तेव्हा कुठे तिने हात सोडवला. नव्या बांगड्या आतच राहिल्या होत्या आणि मनगटात काशाचं एक जुनं कडं होतं. पुढे येसू दर वर्षी बांधावरची बिळं हुडकत म्हातारी झाली आणि घरच्या अंथरुणावर गेली. ते कडं जिचं, ती बांधात पुरलेली पहिली सून म्हणजे ही बुजाई, असं सांगतात. तिचा दगड येसूनेच बसवला.

आजही वैशाखात, तळं तळाला गेलं की गावातली सगळ्यात नवी सून बुजाईशेजारी पाय पसरून बसते, आणि सासू, सासरा, नवरा माती वाहतात. म्हणजे, सून गावात असली तर. आता नव्या सुना शहरात. बांध सरकारी झाला, पाणी नळाने तालुक्याला जातं. साहेब येतात, नारळ फोडतात, हार घालून घेतात आणि घरी जातात. गेल्या वैशाखात सुनेच्या जागी मीच बसले आणि मातीही मीच वाहिली. हसा हसा. कंबर माझी गेली.

कालपासून दगडाच्या खालच्या अंगाला ओल दिसतेय. सकाळी बघितलं, अजून तरी नितळ आहे. पाटी तिथे पडलीय, पाव्हणं. दम गेला असेल तर उठा.