कातडीखालचं नाव

फार दिवस झाले नाहीत त्याला. कोंडवाड्यात दोन कुत्रे एकाच पिंजऱ्यात आले. प्रिन्सच्या मानेत, कातडीखाली, तांदळाएवढी चिप होती. गावठी तांबूचा कान नसबंदीची खूण म्हणून कापलेला होता.

"मालकांनी हायवेवर फिरायला उतरवलं आणि गडबडीत मला विसरले," प्रिन्स म्हणाला. "पण त्यांचं नाव माझ्या अंगात आहे. यंत्र लावलं की फोन जाईल. तुझं कोण येणार रे, कानतुट्या?"

"कुणास ठाऊक, दादा."

सकाळी रखवालदाराने यंत्र फिरवलं. ते वाजलं. त्याने फोन लावला. "बाई, तुमचा कुत्रा सापडलाय."

पलीकडचा आवाज ऐकून प्रिन्सची शेपटी थांबेना.

"छे हो, एवढा म्हातारा कुत्रा आमचा नाही," बाई म्हणाल्या.

रखवालदाराने वयाचं नावही काढलं नव्हतं.

दुपारी बाजारातली कोळीण दारातूनच ओरडली, "अगो बाई, तांब्या! मेल्या, दोन दिस शोधतेय तुला!" तांबू तिच्या टोपलीच्या मागोमाग निघून गेला.

आजही यंत्र दिसलं की प्रिन्स उठतो आणि मान पुढे करतो.