पुलावरचे दिवे

फार जुन्या काळची गोष्ट, लहानांनी ऐकावी, थोरांनी मनात धरावी. नदीकाठच्या एका गावात ठकूबाई नावाची गवंड्याची बायको राहत होती. तिच्या नवऱ्याने नदीवर तीन कमानींचा दगडी पूल बांधला. चुन्यात घालायला कुणी गूळ दिला, कुणी बेलफळं आणून दिली. पुलाच्या पोटात मातीचा भराव होता, म्हणून कठड्याच्या बुडाशी त्याने ओळीने भोकं ठेवली.

मरताना तो म्हणाला, "ठके, ती पाण्याची वाट आहे. पावसाआधी वेळूच्या काठीने मोकळी करत जा. पाणी आत मुरलं तर पूल फुगून फुटेल."

ती नेमाने करी. पलीकडच्या गावी दिलेली तिची एकुलती लेक याच पुलावरून माहेरी येई.

एका वर्षी पाटलीणबाईंनी चातुर्मासाचं व्रत धरलं. म्हणाल्या, "ठकूबाई, तुमच्या कारभाऱ्यांच्या नावाने पुलाच्या कठड्यातल्या या दिवळ्यांत दिवे लावू. पण मेला वारा टिकू देईल तर शपथ! बाहेरची तोंडं लिंपून घेते."

ठकूबाईच्या ओठांवर शब्द आले. पण नवऱ्याच्या नावाने उजळलेली ओळ डोळ्यांपुढे आली, आणि शब्द ओठांवरच राहिले.

"लिंपा हो," ती म्हणाली.

दिवे काय सुंदर दिसत! मग श्रावण बरसला. पुलावर पाणी तुंबलं, आत मुरलं. बायका भक्तीने वाती सारत राहिल्या. एका सकाळी मधली कमान कोसळली.

त्याच दिवशी लेक बाळंतपणाला यायची होती. तिची गाडी पलीकडच्या टोकावरून माघारी फिरली.

महिन्याने ती पलीकडच्या काठावर आली. कुंची घातलेलं बाळ तिने दोन्ही हातांनी उंच धरलं. "आई, मुलगी झाली गं!" आवाज पुरात विरला. अलीकडच्या काठावर ठकूबाईने नुसताच पदर पसरला.

कार्तिकात पाणी उतरलं. तोवर ठकूबाई राहिली नव्हती.

लेक बाळाला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून आली. आईच्या घरातली वेळूची काठी तिने उचलली.

पाटलीणबाई रडत म्हणाल्या, "पोरी, आम्ही भक्तीनेच केलं गं."

"भक्तीच होती, मामी," लेक म्हणाली. "आता बाळाला जरा धरा."

पाटलीणबाईंनी बाळ घेतलं. बाकीच्या बायकांनी लेकीबरोबर उरलेल्या दोन कमानींवरची सगळी भोकं मोकळी केली. कोसळलेल्या कमानीच्या जागी लाकडी साकव घातला. त्या दोन कमानी अजून उभ्या आहेत.

बाळांनो, ज्याची आठवण पुजायची, त्याने सांगितलेलं काम आधी करावं.