न रडणारी सगुणी

"पण बुवा, पोरगी हूं की चूं करत नाही, मग तिला मात्रा कशाला?"

विश्वंभराने औषधाची डबी परत फळीवर ठेवली. केवलबुवांच्या मठात भाजलेल्या माणसांवर उपचार होत, आणि त्यांचा हा शिष्य त्या कामात चांगलाच तरबेज झाला होता. ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत!

सगुणी सहा वर्षांची. गुऱ्हाळात उकळती काकवी पायावर सांडलेली. जखमेला चिकटलेली पट्टी झटक्यात ओढायची, आणि पोर रडली नाही की तिच्या हातावर बताशा ठेवायचा, ही विश्वंभराची युक्ती. सगळा मठ त्याचं कौतुक करायचा.

"झोपेत कण्हती ओ बुवा," तिची आई दारातून म्हणाली.

"झोपेत सगळीच पोरं बडबडतात, ताई," विश्वंभरच मध्ये बोलला. "आणि एवढ्याशा जिवाला दुखणं शमवायच्या मात्रेची सवय लागली म्हणजे?"

बुवा पुढे आले. सगुणीजवळ खाली बसले.

"दुखतं का गं, बाळा?"

सगुणीने आधी विश्वंभराकडे पाहिलं... मग मान हलवली. नाही.

ते पाहणं विश्वंभराला आवडलं नाही. का, ते त्याला कळेना.

बुवांनी पट्टीला हात लावण्याआधीच बताशा तिच्या मुठीत दिला.

"हा तुझा. रडलीस तरी तुझाच."

पोरीची हनुवटी थरथरली. बताशा खाली पडला, आणि काय भोकाड पसरलं तिने!

"लई दुखतंय... रोजच दुखतंय..."

आईने धावत येऊन तिला पोटाशी धरलं.

"बघा, लाडावली!" विश्वंभर बोलून गेला, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. बताशाकडे ती ढुंकूनही बघत नव्हती.

तो मुकाट्याने उठला. डबी काढली, मात्रा मधात उगाळून तिला चाटवली. पोर शांत होईस्तोवर थांबला. मग कोमट पाण्याने पट्टी भिजवत बसला, ती आपसूक सुटेपर्यंत.

"बुवा, तिचं रडणं मला ऐकवत नाही हो."

"ठाऊक आहे."

"मग... उद्या पुन्हा रडली तर?"

बुवांनी खाली पडलेली जुनी पट्टी उचलली.

"रडली तर भिऊ नको. गप्प राहिली, तर हात थांबव."